वाजवणीचा कातळ

हा समोरचा काळा, सपाट कातळ दिसतो ना, त्यावर चपला घालून चढलात तरी हरकत नाही. तो देव नाही. त्याला शेंदूर नाही की चादर नाही. मागे शहरातल्या एक बाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या राहिल्या, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "अहो, इथे नमस्कार करायचा नसतो, इथे प्रश्न विचारायचे असतात." याला आम्ही वाजवणीचा कातळ म्हणतो. यावर लग्नं लागतात. भटजी नाही, काजी नाही, पाद्री नाही. ज्यांच्या घरचे देव वेगवेगळे, अशी जोडपी लांबून लांबून येतात. हे कसं सुरू झालं, ते आमच्याकडे असं सांगतात.

फार पूर्वी, म्हणजे माझ्या आजेसासूच्याही आजेसासूच्या आधी, गावात गोंदजी नावाचा कुंभार होता. त्याची एकुलती एक मुलगी चांगुणा. खालच्या आळीत एलोजीचा तेलाचा घाणा होता. एलोजी बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांपैकी. वडील लहानपणीच गेलेले, घरात आई राहेलबाई. तेल भरायला मडकी लागत, म्हणून एलोजी गोंदजीकडे येई. पुढे पुढे मडकी इतकी लागायला लागली, की गावालाच संशय आला. एका घाण्याला एवढी मडकी कशाला, असं लोक म्हणे एकमेकांना डोळे मिचकावून विचारत.

शेवटी चांगुणाने स्वतःच बापाला सांगितलं. गोंदजी रागावला नाही, पण हादरला. तो भटजींकडे गेला. भटजी भला माणूस, पण म्हणाले, माझ्या पोथीत हे लग्न नाही. राहेलबाई त्यांच्या लोकांच्या काजींकडे गेली; बेने इस्राएलांतही लग्न लावणाऱ्याला काजीच म्हणत. तेही म्हणाले, माझ्या पुस्तकातही नाही. दोघांनी आशीर्वाद दिला आणि हात वर केले.

आता गोंदजीपुढे खरा पेच पडला. मुलगा त्याला आवडला होता. पण मंत्र नाहीत, करार नाही, मग लग्न झालं हे म्हणायचं कोणाच्या तोंडाने? उद्या दोघांचं बिनसलं आणि पोराने 'आमचं लग्न झालंच नव्हतं' म्हणून हात झटकले, तर चांगुणा ना घरची ना दारची. या काळजीने त्याला घास गिळवेना. चाकावरची मडकी वाकडी यायला लागली, असं सांगतात.

तेव्हा चांगुणा म्हणाली, "बा, तुजं मडकं लोक कशाच्या भरवशावर नेतात? त्याला काय मंत्र म्हणतोस तू?"

"वाजवून नेतात. टिचकी मारून."

"मंग आमाला पन वाजवून घे की. सगला गाव बोलाव. ज्याला जे इचारायचं ते इचारू दे. ज्यानं इचारलं, तो साक्षीदार."

आणि एका रविवारी सकाळी सगळा गाव या कातळाभोवती जमला. भटजी आले, काजी आले, दोघं मागे शेजारी शेजारी बसले. प्रत्येकाच्या मुठीत चाफ्याची फुलं. पण ती टाकायची कधी? 'सावधान' म्हणायला कोणीच नव्हतं. सगळे मुठी आवळून बसले.

प्रश्न सुरू झाले. शेजारणीने एलोजीला विचारलं, घोरतोस का? तो म्हणाला, आईला विचारा. कोणी चांगुणाला म्हणालं, तुला तर खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, जिवापाड आवडतात, त्यांच्याकडे त्या चालत नाहीत, मग? चांगुणा म्हणाली, "माहेरी येऊन खाईन. म्हनून तं हाकेवरचा नवरा बगितला." खुद्द भटजींनी विचारलं, सण कोणाचे करणार? एलोजी म्हणाला, "तेल माजं, पनत्या तिच्या. दोगांचे पन सन अंधारात नाय जानार." काजींनी म्हणे मान डोलावली.

ऊन चढलं, लोक हसून हसून दमले. सगळ्यांचे प्रश्न संपले तेव्हा गोंदजी उठला.

"तुमचं भांडन झालं," तो म्हणाला, "तं माजी पोर जाईल कुठं?"

हसणं थांबलं. 'भांडण होणारच नाही' असं म्हणायला एलोजी काही मूर्ख नव्हता. तेवढ्यात राहेलबाई पुढे आली आणि व्याह्याच्या समोर उभी राहिली.

"ती कशाला जाईल?" ती म्हणाली. "जायचं तं ह्यो जाईल. ती ऱ्हाईल माज्याजवल."

गोंदजी लहान पोरासारखा रडला. आणि न सांगता, न ठरवता, सगळ्या गावाने एकदम मुठी उघडल्या. लग्न लागलं ते तेव्हा.

आजही शेवटचा प्रश्न तोच असतो. तो मुलीच्या बापाने विचारायचा, बाप नसेल तर जो तिच्या पाठीशी उभा असेल त्याने. उत्तर सासूनेच द्यायचं. त्याशिवाय फुलं पडत नाहीत.

चाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगतेय. वाटायचं, माझी पाळी आली की चांगलं ठणकावून सांगेन. गेल्या हिवाळ्यात माझ्या नितेशचं लग्न झालं, म्हसळ्याच्या रुबीनाशी. तिचे वडील उंचेपुरे, भारदस्त. पण प्रश्न विचारताना त्यांचा आवाज फुटला, आणि माझं ठणकावणं तिथेच राहिलं. प्रश्न संपताच कसंबसं म्हटलं, "ती राहील." नितेश शेजारून पुटपुटला, "आई, निदान थोडा विचार तरी करायचास!"

लग्नाला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तो दोनदा ओटीवर झोपलाय. दोन्ही वेळा आतून कडी मी लावली.