साळुंकीची कहाणी आणि कोल्ह्याची बोरं

नदीकाठच्या एका रानात, जुन्या करंजाच्या झाडावर, एक साळुंकी राहत असे. बाळांनो, आवाज म्हणाल तर तिचा काही कोकिळेसारखा नव्हता. पण देवानं तिला एक देणं दिलं होतं. ती कहाणी सांगू लागली की भांडणारे कावळे गप्प होत आणि नदीवर आलेली हरणं पाणी प्यायचं विसरून उभी राहत. दिवस कलला की सगळं रान करंजाखाली जमे.

त्या रानाची एक रीत होती. कहाणीला येताना प्रत्येकानं एक दाणा आणायचा आणि कहाणी चालू असेपर्यंत तो मुठीत नाहीतर चोचीत धरून ठेवायचा, आपण व्रताच्या कहाणीला हातात अक्षता धरतो ना, तसा. मध्ये बोलायचं नाही, शंका काढायची नाही. कहाणी संपली की दाणा बुंध्याशी ठेवायचा, नमस्कार करायचा आणि जे ऐकलं ते वसा म्हणून घरी न्यायचं. बुंध्याशी जमलेले दाणे मुंग्यांचे. साळुंकी त्यातला एकही खात नसे. तो तिचा नेम होता.

आता नेम झाला तरी पोट थोडंच ऐकतं? सकाळी उजाडलं की तिला किडे शोधायला, उंबरं टिपायला दूरदूर जावं लागे. परत येईपर्यंत पंख दुखून येत. मग ठाऊक असलेलीच एखादी जुनी कहाणी ती सांगे. लोकांना ती गोड लागे, पण साळुंकीचं मन मात्र दुसऱ्याच एका कहाणीत अडकलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. तिचं एकुलतं एक पिल्लू गेल्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडे उडून गेलं होतं. "जाऊन येतो गं आई," म्हणालं आणि गेलं. डोंगरापलीकडे काय आहे, साळुंकीला ठाऊक नव्हतं. तिकडे पाणी असेल का? झाडं कसली असतील? संध्याकाळी त्याला "जेवलास का" असं कोण विचारत असेल? डाळिंबी आभाळाकडे बघत ती हेच मनात घोळवत बसे. आणि म्हणून तिला एक मोठी कहाणी रचायची होती, एका पिल्लाची. ते कुठे उतरलं, त्याला कोण कोण भेटलं, कुठे त्याला आईची आठवण आली. तिला वाटे, कहाणी चांगली जमली तर कोणीतरी ती डोंगराच्या माथ्यापर्यंत नेईल, तिथून आणखी कोणी पलीकडे नेईल, आणि एखाद्या संध्याकाळी ती त्याच्या कानी पडेल. पण अशी कहाणी रचायला निवांत बसावं लागतं. उपाशी पोटी कहाणीत सारखी उंबरंच येतात.

पौष लागला आणि थंडी पडली. एक दिवस पळसाखाली राहणारा कोल्हा करंजापाशी आला. त्याच्या बिळाभोवती बोरींची दाटी होती. बोरं देऊन तो कोणाकडून मध घेई, कोणाकडून कंदमुळं. पण त्याच्याकडे फारसं कोणी फिरकत नसे.

"साळुंकीबाई, रामराम. दमलेल्या दिसता."

"रामराम, कोल्हेभाऊ. पोटामागे हिंडायचं म्हटलं की दमायला होणारच."

"मग हिंडता कशाला? रोज सकाळी पिकली बोरं आणि उंबरं तुमच्या झाडाखाली आणून ठेवीन. तुम्ही फक्त एक करायचं. कहाणी रंगात आली की मध्येच एक वाक्य घालायचं, 'पळसाखालच्या कोल्ह्याची बोरं गोड असतात.' बस. खोटं नाही सांगत. आधी खाऊन बघा."

साळुंकीनं बोर खाल्लं. खरंच गोड होतं. तिनं डोंगराकडे पाहिलं. एक वाक्य तर आहे, आणि खोटंही नाही. तेवढ्यानं जर सगळा दिवस मोकळा मिळत असेल, तर देवानंच ही वाट दाखवली म्हणायची. "बरं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिच्या कहाणीतली राणी वनवासाला निघाली. चालून चालून थकली, तिच्या लेकराला भूक लागली. तेव्हा साळुंकीनं सांगितलं, "राणीनं लेकराला पळसाखालच्या कोल्ह्याची बोरं दिली. ती फार गोड असतात. लेकरू हसलं, राणीचा शीण गेला." वाक्य कसं अलगद बसलं, कोणाला सांधा दिसलासुद्धा नाही. साळुंकीला थोडा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी पोपट फांदीवर येऊन बसला. त्याची जीभ म्हणजे मिरची. "काय हो साळुंकीबाई, काल तुमच्या कहाणीला बोरं लागली. उद्या कलिंगडं लागतील का? म्हणजे टोपली घेऊनच येतो."

"तुला मेल्याला सगळ्यात खोडच दिसते," साळुंकी हसून म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

आणि खरं सांगते बाळांनो, कोल्ह्यानं शब्द पाळला. फळं रोज येत. साळुंकी पोटभर खाऊन सकाळच्या उन्हात बसे आणि तिची मोठी कहाणी हळूहळू फुलू लागली. पिल्लू डोंगर चढलं. माथ्यावर त्याला वारा लागला. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. इतकं सुचल्यावर साळुंकी कितीतरी वेळ डोळे मिटून बसून राहिली, जणू त्या माथ्यावर तीच उभी होती.

त्याच सुमारास एक खार कहाणीला यायची थांबली. आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका सकाळी साळुंकी तिच्या ढोलीत डोकावली. आत तिचं पिल्लू शेपटीत तोंड खुपसून पडलं होतं. खोकल्यानं त्याचा जीव घाबरा झाला होता. जवळ बोरांच्या बियांचा ढीग होता.

"अगं, इतका खोकला असताना बोरं देतेस?" साळुंकी म्हणाली. "खोकल्याला बोर म्हणजे विष. कोणत्या आईला हे ठाऊक नसतं?"

"ठाऊक आहे की, ताई," खार रडवेली होऊन म्हणाली. "आधी अडुळशाचा पाला चघळायला देत होते. पण तुम्हीच सांगितलंत ना, राणीनं दिली आणि लेकरू हसलं, शीण गेला म्हणून. दाणा मुठीत धरून ऐकलेलं खोटं कसं मानू? मला वाटलं, माझाच भाव कमी पडतोय. म्हणून रोज आणखी बोरं आणली."

साळुंकीला काय झालं ते कळलं. कोल्हा खोटं बोलला नव्हता. तीही खोटं बोलली नव्हती. बोरं गोडच होती. पण ज्या वेळी हे सगळे मुठीत दाणा धरून, शंका बाजूला ठेवून बसतात, नेमक्या त्याच वेळी तिनं ते वाक्य त्यांच्या कानात सोडलं होतं.

"तुझा भाव कमी पडला नाही गं," ती म्हणाली. "ती बोरं कहाणीतली नव्हती. ती मला कोल्ह्यानं घालायला सांगितली होती. त्याबद्दल तो मला खायला देतो."

खारीनं बोरांच्या बिया एकेक करून ढोलीबाहेर लोटल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

साळुंकीनं त्या दिवशी स्वतः अडुळसा खुडून आणला. खारीनं पाला ठेचून रस काढला, मधाचं बोट लावून पिल्लाला चाटवला, त्याला उबेत निजवलं. एकामागून एक काही दिवस असे गेले आणि देवाच्या दयेनं पिल्लाचा खोकला थांबला. पण साळुंकी मधेच, पिल्लू बरं व्हायची वाट न बघता, पळसाखाली जाऊन आली होती.

"कोल्हेभाऊ, उद्यापासून फळं आणू नका."

"का? आंबट निघालं का एखादं?"

"नाही. पण तुमची बोरं मी कहाणीत सांगणार नाही."

कोल्ह्यानं विचार केला. "मग कहाणी संपल्यावर सांगा. दाणे ठेवून झाले की. तेव्हा तर काही बिघडत नाही?"

साळुंकी घोटाळली. खरंच, त्यात काय वाईट होतं? तिच्या डोळ्यांपुढे डोंगराचा माथा आला, मागे वळून बघणारं पिल्लू आलं. आता फळं थांबली तर ते तिथेच उभं राहणार. पुढे उतरणार कधी?

"तुम्हीच वाटेवर बसून हाक का मारत नाही?" तिनं विचारलं. "माल चांगला आहे तुमचा."

"मी कोल्हा, बाई. माझ्या हाकेला कोण येतं? माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. म्हणून तर तुमच्यावरचा घेत होतो."

"तो विश्वासच माझ्याकडे द्यायला नाही, भाऊ. तो त्यांचा आहे. माझ्याकडे त्यांनी नुसता ठेवायला दिला आहे. आज बोरांसाठी दिला, तर उद्या माझ्या लेकराची कहाणी सांगताना ते विचारतील, 'ही कोणी सांगायला लावली?' तशी कहाणी कोण डोंगरापलीकडे नेईल?"

ती उडाली तेव्हा कोल्ह्यानं एवढंच म्हटलं, "आलात कधी इकडे, तर बोर खाऊन जा. काही सांगू नका. नुसतं खा."

संध्याकाळी साळुंकीनं सगळ्यांपुढे जसं झालं तसं सांगितलं. पोपटानं चोच उघडली, पण खारीकडे बघून मिटली. कोणी दाणा बुंध्याशी न ठेवताच परतलं, तर कोणी अर्ध्यातून उठून गेलं. साळुंकीनं कोणाला थांबवलं नाही. पुन्हा सकाळी ती किडे शोधायला जाऊ लागली, पुन्हा पंख दुखू लागले. मोठी कहाणी आता दिवसाला एखादं वाक्य पुढे सरके, कधी तेवढीही नाही. पिल्लू अजून डोंगराच्या माथ्यावरच होतं.

माघ सरता सरता एकदा ती कहाणी तिनं आहे तेवढीच सांगितली. माथ्यापर्यंत आली आणि थांबली. खाली थोडेच जण होते. खार होती, तिच्या कुशीत पिल्लू होतं. हिवाळ्यापुरता आलेला एक धोबी पक्षीही होता. तो दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेला लागणार होता.

"पुढे?" त्यानं विचारलं.

"पुढचं मला अजून सुचलेलं नाही."

"मी डोंगरापलीकडूनच जाणार आहे. एवढीच नेली तर चालेल?"

"अपुरी आहे रे."

"असू दे की," धोबी म्हणाला. "मी माथ्यापर्यंतची सांगतो. पुढचं ज्याला ठाऊक असेल, तो सांगेल."

तात्पर्य : लोक ज्या तोंडचं ऐकताना शंका बाजूला ठेवतात, त्या तोंडानं दुसऱ्याचा माल विकू नये; हातचं काम अपुरं राहिलं तरी चालेल, आपल्यावरचा विश्वास अपुरा पडता कामा नये.