गप्प राहण्याचा हक्क

न्यू जर्सीतल्या एका शाळेत केतकी आंबेरकर दहावीत होती. तिच्या वडिलांची नोकरी गेली आणि पाठोपाठ घरातल्या सगळ्यांच्या व्हिसाची मुदतही संपली. तेव्हापासून दारावरची बेल वाजली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

एका सकाळी ती शाळेच्या ऑफिसात गेली, तर इमिग्रेशन खात्याचा एक धिप्पाड अधिकारी मुख्याध्यापिका कोलमनबाईंशी हुज्जत घालत होता. न्यायाधीशांच्या हुकमाशिवाय बाई त्याला वर्गाकडे जाऊ देईनात. तेवढ्यात त्याची नजर केतकीवर पडली.

“काय गं, तुझा जन्म कुठला?”

केतकी म्हणाली, “मी उत्तर देणार नाही. गप्प राहणं माझा हक्क आहे.”

“हक्क म्हणे!” तो हसला. “ज्याला काही लपवायचं नसतं, तो बेधडक बोलतो.”

केतकीने वर पाहिलं. डोळे सोडले तर त्याचा सगळा चेहरा काळ्या फडक्याखाली होता.

“मग साहेब, तुम्ही तोंड का झाकलंय?”

“माझ्या बायकामुलांना कुणी त्रास देऊ नये म्हणून!” तो गुरकावला.

“मीही त्याचसाठी गप्प आहे. माझ्याही घरी माणसं आहेत.”

कोलमनबाईंनी दार उघडून धरलं, तसा तो मुकाट्याने बाहेर पडला.

पण त्याची गाडी फाटकासमोरून हलेना. ती बघून केतकीला रडू फुटलं.

“बाई, आईला फोन करा. म्हणावं, आज मला न्यायला येऊ नकोस.”

“करते,” बाई म्हणाल्या, “आणि सुटी झाली की मीच तुला घरी सोडते.”