पंपाचा कौल

कुठल्याशा डोंगराखालच्या गावात सिदू नावाचा एक भोळा पुजारी होता. सांगितलं तेवढं तो मन लावून करायचा. फक्त ते कुठे करायचं, हे त्याला कधी कळलं नाही. गाव म्हणायचं, देवमाणूस आहे बिचारा. गावाला म्हणायला काय जातं? त्याच्याबरोबर नांदायची ती कौसा, त्याची बायको, आणि कौसाला होता दमा.

देवळातल्या उदाच्या धुराने एकदा तिची छाती फारच दाटली, तेव्हा ती सिदूला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पंप दिला. धाप लागली की आधी हा ओढायचा, म्हणाल्या. शिवाय रोज श्वासाचा व्यायाम करायचा. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. समोर दिवा आहे असं समजायचं; ज्योत हलावी, पण विझू नये. हा व्यायाम पंपाच्या जोडीला करायचा, पंपाऐवजी नव्हे. मग बाई सिदूकडे वळून म्हणाल्या, व्यायाम रोज झाला पाहिजे, तुम्ही लक्ष ठेवा.

सिदूने लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरची भांडी आणि देवळाची झाडलोट उरकून कौसा आत आली, तर हा समईसमोर मांडी घालून बसलेला. ओठांचा चंबू केलेला, तोंड लालबुंद. हे काय चाललंय, तिने विचारलं.

"तुझा व्यायाम," सिदू म्हणाला. "तुला सवड न्हवती. म्हनून तुझ्या नावानं मीच उरकला."

त्याचंही बरोबरच होतं. शहरात गेलेले लोक निरोप धाडायचे आणि सिदू त्यांच्या नावाने अभिषेक करायचा, प्रदक्षिणा घालायचा. पुण्य पोचलं नाही अशी तक्रार कधी आली नव्हती. मग श्वास का पोचू नये? कौसाने कपाळावर हात मारून घेतला आणि बजावलं, की ज्याचं दुखणं त्यानेच निस्तरायचं असतं, दुसऱ्याने मधे पडायचं नसतं. सिदूने ते पक्कं ध्यानात ठेवलं.

थोड्या दिवसांनी गावातले बाबू तात्या देवळाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले. म्हातारा माणूस. कण्हत कण्हत त्यांनी सिदूपुढे हात केला. सिदू शेजारच्या पायरीवर येऊन बसला आणि मायेने म्हणाला, तात्या, दुखणं तुमचं आहे, तुम्हीच निस्तरा. तात्या कसेबसे उठले आणि त्यांनी आधी काठीचा उपयोग सिदूच्या पाठीवर केला. मग समजावलं, की माणूस वाकलेला दिसला की काही न विचारता बगलेत हात घालून त्याला उभं करायचं, पाठीवर चार थापा द्यायच्या. एवढंही कळत नाही का? सिदूला आता कळलं.

तो घरी आला तेव्हा कौसा पाटावर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून श्वास सोडत होती. बाईंनीच तशी बैठक शिकवली होती. त्या दिवशी कुठे तिची छाती जरा मोकळी झाली होती. सिदूने काही न विचारता बगलेत हात घालून तिला उभं केलं आणि पाठीत चार दणदणीत थापा दिल्या. कौसा खोकून खोकून अर्धी झाली. बोलता यायला लागल्यावर तिने उरलासुरला दम एकवटला.

"ह्यापुढं आधी इचारायचं. तोंडानं हो म्हनल्याबिगर कुनाला काय करायचं न्हाई, काय द्यायचं न्हाई. जो हो म्हनंल त्यालाच द्यायचं."

एवढं लांबलचक बोलून तिने स्वतःचाच घात करून ठेवला.

जत्रा आली. त्या गावात भक्ती धुरावर मोजत, त्यामुळे उदाचे ढग देवळामागच्या घरापर्यंत आले. कौसाला धाप लागली. या खेपेची धाप निराळी होती. श्वास आत जाईना की बाहेर येईना, आणि ती मनातून पार घाबरली. तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. सिदूने पंप काढला. मग त्याला आठवलं.

"देऊ का?"

कौसाने जोरजोराने होकारार्थी मान हलवली.

"मान नगं. तोंडानं हो म्हन."

हो म्हणायलाही श्वास लागतो. तिने हात पुढे केला, तसा सिदू मागे सरला. शब्दाचा पक्का माणूस. पण त्याला तिची काळजीही वाटत होती. आणि माणसाकडून उत्तर मिळत नसेल तर कुणाला विचारायचं, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. पंप घेऊन तो कौल लावायला गाभाऱ्यात पळाला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर त्याने ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग हात जोडून तो वाट बघत बसला.

इकडे जत्रेला आलेल्या बाबू तात्यांनी दारातून कौसाला पाहिलं आणि कुणाच्या तरी टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. जत्रेतले लोक बाजूला होत म्हणत होते, पुजारीण आहे, देव काळजी घेईल. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. बऱ्याच वेळाने तिचा श्वास ताळ्यावर आला.

संध्याकाळी सिदू आला, कपाळभर गुलाल लावून, मोठ्या समाधानात. पंप कुठे होता, बाईंनी विचारलं. सिदूने तो टेबलावर ठेवला. बाईंनी हलवून पाहिला, तर पार रिकामा.

"उजवा कौल पडला," सिदू म्हणाला. "ही शेवटपत्तर हो म्हनली न्हाई. देव म्हनला. मग त्याच्याच तोंडाला लावला, पार सपंस्तवर."

कौसाने डोळे मिटून घेतले.

"आन गुन बी आला बाई," सिदू म्हणाला. "तवाधरनं देवाला एकदा बी धाप लागली न्हाई."