डावा दांडा

“हे ठिगळ ज्यानं मारलंय ना, त्याचे हात कलम केले पाहिजेत!”

गार्गी शिंत्रे गाडीखालून ओरडली. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिनं चासीच्या डाव्या दांड्यावर नुसता टेकवला होता, तर तो पापडात शिरावा तसा आत गेला. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब लोखंडी दांड्यांवर सगळी गाडी पेललेली असते. त्यातला हा एक गंजून पोकळ झालेला, आणि कुण्या शहाण्यानं त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा जोडून वरून डांबर फासलेलं.

“फसवणूक आहे ही, चाचा. शुद्ध फसवणूक.”

दस्तगीर शिकलगार मिस्त्री बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. कोल्हापुरात कुणाच्या गोठ्यातून आजोबांच्या काळातली मोटार निघाली, की ती शेवटी यांच्याच शेडमध्ये यायची.

“असंल,” ते म्हणाले.

नुसतं असंल! गार्गीचा जीव तिथंच तळतळायचा. कॉलेजात पहिली आलेली मुलगी, आठ महिने इथं तारेच्या ब्रशनं गंज खरवडत होती. आज कुठं चाचा म्हणाले होते, हा दांडा तू बदल. चाचा चासी एकदाच हातात देतात, बिघडवली तर शेडमध्ये परत पाऊल नाही, असं सगळे सांगत. तिच्या आधीचे तीन इंजिनिअर असेच गेले होते म्हणे.

“कापू?”

“आधी दार लाव.”

“कुठलं दार?”

“गाडीचं. डाव्या अंगाचं.”

तिनं दार बोटानं ढकललं. खट्. इतकं अलगद, की तिलाच नवल वाटलं.

“लागलं.”

“मग काप की.”

म्हाताऱ्या माणसांच्या एकेक खोडी असतात, असं मनाशी म्हणत तिनं डोळ्यांवर चष्मा चढवला. शेडच्या दुसऱ्या टोकाला बंडा कारंडे जुन्या सीटांना कातडं शिवत बसायचा. त्यानं दाभण थांबवला.

“दमानं, इंजिनिअरीणबाई! लोखंड काय पळून चाललंय?”

“सडलेलं एक मिनिट ठेवायचं नसतं, बंडाभाऊ. एक सूतसुद्धा नाही.”

ठिणग्यांचा पाऊस पडला. दाराखालचा चार फुटांचा सगळा तुकडा तिनं एका दमात कापून काढला. तो खाली आदळला आणि त्याचा अर्धा भुगा झाला. त्याच वेळी गाडी कुठंतरी आतल्या आत हळूच कण्हली. पण गार्गीचं लक्ष नव्या दांड्याकडं होतं. तिनं स्वतः आखून, बनवून आणलेला. सरळसोट, चकाकता.

“थांब,” चाचा म्हणाले. “दार लाव.”

तिनं ढकललं. दार खालच्या कोपऱ्यात अडलं. जोरानं ढकललं. खांदा लावला…

लागेना.

“चाचा, दार बिघडलंय.”

“मघाशी लागत होतं.”

“हो.”

“मग मघापर्यंत ते कोण लावत होतं?”

गार्गीनं वाकून बघितलं, आधार गेल्यामुळं गाडी त्या अंगाला खचली होती. पायाशी तो तुकडा पडला होता. भुगा, डांबर, आणि त्याला अजूनही घट्ट चिकटलेला तेलाच्या डब्याचा पत्रा.

…

“आधी का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं.

“दार लाव म्हटलं की.”

तिनं चष्मा काढून बाकड्यावर ठेवला. खुंटीवरची पिशवी घेतली.

“कुठं?”

“तुम्ही जा म्हणायच्या आधीच…”

“आन् गाडी अशी वाकडी टाकून?”

“पण ते तिघं…”

“मी कुणाला घालवलं नाही, पोरी. दाराला शिव्या देत आपणहून गेले.”

बंडा फिसकन हसला. गार्गीला हसू आलं नाही, पण पिशवी मात्र परत खुंटीला गेली.

तिनं वाकलेल्या अंगाखाली जॅक लावला. एक दाब द्यायचा, उठायचं, दार ढकलून बघायचं. पुन्हा एक दाब, पुन्हा उठायचं. दुपार कलली तेव्हा कुठं खट् झालं. मग कुणी न सांगता तिनं दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल वेल्डिंगनं टाचले, गाडीला केसभर हलता येऊ नये म्हणून. नवा दांडा त्यानंतर.

डावीकडचं निभावलं. उजवीकडचं डांबर खरवडलं, तर तिथंही तोच प्रकार, तसलंच ठिगळ. गार्गीनं त्याच्यावर हात फिरवला आणि शिवी काही दिली नाही. आधी अँगल टाचले. मग वीतभर कापलं, तेवढंच नवं लोखंड जोडलं, ते गार होऊ दिलं, दार लावून बघितलं. मग पुढची वीत.

“पैठणी विणतीस काय गं?” बंडा तिसऱ्या दिवशी म्हणाला.

“काठ झालाय. पदर राहिलाय,” ती गाडीखालूनच म्हणाली.

उजवी बाजू व्हायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी काढून ठेवलेलं इंजिन पुन्हा जागेवर बसलं आणि गार्गी हात पुसत उभी राहिली.

“चाचा, तपासून घ्या.”

चाचांनी गाडी जॅकवर उचलून घेतली आणि लाकडी ओंडके नेमके तिनं जोडलेल्या दांड्यांखाली सरकवले. सगळा भार तिच्या जोडांवर आला. मग त्यांनी जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत ते गाडीखाली गेले.

गार्गी कान देऊन उभी राहिली. जोडावर हातोडी वाजणार. नीट वाजली तर बरं, बद्द वाजली तर…

हातोडी वाजलीच नाही.

“काही चुकलंय का, चाचा?”



ती वाकून बघणार, तोच बंडानं दातातला दोरा तोडला आणि तिला हातानं मागं सारलं.

“हळू बोल गं. तीस वर्षं बघतोय, दुसऱ्यानं जोडलेल्या गाडीखाली म्हातारं आज पहिल्यांदा झोपलंय.”