बारीक तार, जाड तार

वीज घरोघरी नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. दामूअण्णांच्या टेबल-पंख्याला कित्येक महिने तेल मिळालं नव्हतं. मोटर तापली की फ्यूजमधली बारीक तार वितळायची आणि पंखा थांबायचा.

“तुझ्यामुळे मला बोलणी बसतात,” पंखा कुरकुरायचा.

“मी जळते म्हणून तू वाचतोस, दादा,” तार म्हणायची.

रोजच्या कटकटीला कंटाळून अण्णांनी तिथे जाड तार बसवली. आता पंखा न थांबता फिरू लागला, ऐटीत.

एका दुपारी त्याच्या अंगातून धूर निघाला. “थांबव मला,” तो कळवळला.

“का? मला तर काहीच जाणवत नाही,” जाड तार म्हणाली.

पडदा पेटला. अण्णांनी झोपलेल्या नातीला उचलून बाहेर धाव घेतली. घर गेलं. राखेत जाड तार तेवढी शाबूत सापडली.