येसूचा न धुतलेला चमचा

एका गावात एक गवळ्याची मुलगी राहायची, येसू तिचं नाव. होती नववीत, पण तिच्या प्रश्नांपुढे मोठी माणसंही हात टेकायची.

एकदा शाळेत विज्ञान निबंध स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'माझ्या घरातलं विज्ञान' आणि पहिलं बक्षीस काय, तर सूक्ष्मदर्शक! येसू घरी आली ती उड्या मारतच.

"आई, त्यातून दह्यातले जीव दिसतात! मला तो हवाच!"

मग काय विचारता! मिरचीच्या देठांनीही दही लागतं म्हणतात, तेच तिने करून पाहायचं ठरवलं. एका वाटीतल्या कोमट दुधात तिने विरजण घातलं, दुसरीत नुसते मिरचीचे देठ. दोन्ही वाट्या ढवळल्या आणि झाकून ठेवल्या. संध्याकाळी पाहते तर काय, दोन्हीकडे घट्ट दही!

"लागलं गं आई, देठांनी दही लागलं!" असं ओरडत तिने अख्खी आळी डोक्यावर घेतली. चार दिवस खपून झकास निबंध लिहिला.

निबंध द्यायच्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. येसू वाटी भरू लागली, तशा काकू हसल्या. "अगं, एवढं कशाला? चमच्याला चिकटलंय ना, तेवढं पुरे."

येसू हातातल्या चमच्याकडे बघतच राहिली. विरजणाच्या वाटीतला चमचा तिने तस्साच देठांच्या वाटीत फिरवला होता! मग दही देठांनी लागलं, की चमच्याने?

"चमच्याचं कोण विचारतंय? दे निबंध तसाच," येसूकडून सगळं ऐकून काकू म्हणाल्या.

येसूला रडूच फुटलं. खरं लिहिलं तर सूक्ष्मदर्शक हातचा जाणार! पण खोटा निबंध देऊन मिळालेल्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं तरी काय? तिने डोळे पुसले आणि निबंधाच्या शेवटी लिहिलं, 'मी चमचा धुतला नव्हता. त्यामुळे देठांनी दही लागतं, हे मला सिद्ध करता आलेलं नाही.' आणि धावत जाऊन निबंध देऊन आली.

निकालाच्या दिवशी परीक्षक बाईंनी तिलाच पुढे बोलावलं. आता सगळ्यांसमोर चमच्याची चूक निघणार, असं येसूला वाटलं.

"काय गं, चमचा धुऊन पुन्हा करून पाहिलंस का?"

झालं! येसू भीतीबिती सगळं विसरली. "हो बाई, तीनदा! नवा चमचा, उकळत्या पाण्याने धुतलेला! दोनदा दही लागलं, एकदा नाहीच लागलं. असं का होतं हो, बाई?"

बाई खळखळून हसल्या. "मलाही ठाऊक नाही. बाकीच्यांनी मला उत्तरं दिली, तू मात्र प्रश्न दिलास. घे, आता तूच शोध!" असं म्हणत त्यांनी सूक्ष्मदर्शकाची पेटी तिच्या हातात ठेवली.

येसू टाळ्या ऐकायलाही थांबली नाही. पेटी छातीशी धरून ती घराकडे पळत सुटली. सकाळी लावलेल्या चौथ्या वाटीत दही लागलं असेल ना!

तात्पर्य: आपली चूक जो स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो, त्याचा शोध पुढे चालू राहतो.