एकवीस गाठींचा गजरा

मांडी घालून बसा बरं, आणि मध्ये मध्ये कुणी बोलायचं नाही. डोंगराच्या कुशीत, केवडी नदीच्या काठी मोगऱ्याचा भला मोठा मळा होता. पहाटे त्यावर दव पडलं की टपोऱ्या कळ्या नुसत्या लुकलुकायच्या. मळा होता दुसऱ्याचा. यमू आणि तिची आई तिथे फुलं वेचायच्या आणि गजरे गुंफायच्या. यमूच्या झग्याला इतकी ठिगळं होती की मूळ झगा कुठला, ते शोधावं लागे.

यमू अभ्यासाला कधी कंटाळली नाही. गजरा करता करता ती मोठ्यानं पाठ करायची, एक गाठ आणि एक उत्तर. आई शेजारी बसून ऐकायची. पण परीक्षेत गुरुजींपुढे उभं राहिलं की सगळं डोक्यातून गुल! गेल्या वर्षी केवडीकाठची एकवीस गावं क्रमानं सांगायची होती, तर पोरीला पहिलंसुद्धा आठवेना. नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत याच परीक्षेतून आणि दहा वर्षांपर्यंतच्याच मुलांना घेत, आणि यमूचं दहावं सरत आलं होतं. आज हुकलं की शाळा कायमची हुकणार होती.

परीक्षेच्या सकाळी ती डोळे पुसत पुसत कळ्या खुडत होती. तरी नेहमीप्रमाणे प्रत्येक झुडपावर एक कळी तिनं राखलीच. “झाडाचीही हौस असते गं,” असं आईनं शिकवलं होतं ना!

तेवढ्यात राखलेली एक कळी टपकन उमलली. आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पंख चंदेरी, झगुला पोपटी आणि नाकावर दवाचा एवढुस्सा थेंब!

“यमूताई, रडू नकोस,” परी म्हणाली. “तू कळी राखतेस म्हणून माझं घर राहतं. घे या तीन पाकळ्या. एक फुंकायची, की कुणाचं तरी विसरलेलं आठवेल. तुझं किंवा तू म्हणशील त्याचं. मात्र जे कधी शिकलंच नाही, ते आठवायचं नाही. आणि एक पाकळी एकदाच हं!”

यमूनं पाकळ्या मुठीत घट्ट धरल्या आणि उड्या मारत शाळेची वाट धरली.

वाटेत तीन रस्ते फुटत होते तिथे एक इवलंसं तांबूस वासरू हंबरत उभं होतं. बिचारं घरची वाट विसरलं होतं. यमूला पुढे पाऊल टाकवेना. तिनं पाकळी फुंकली. सोनेरी ठिणग्या उडाल्या, वासरानं कान टवकारले आणि शेपटी उंच करून ते बरोब्बर घराकडे पळालं.

शाळेत सगुणा कविता म्हणायला उठली. गेल्या वर्षी यमूला सगळ्यांत जास्त हसली होती ती हीच. दुसऱ्या ओळीवर सगुणा अडली. ओठ थरथरू लागले, डोळे भरले. आपण तिच्या जागी उभ्या होतो तेव्हा कसं झालं होतं, ते यमूला आठवलं. तिनं गुपचूप दुसरी पाकळी फुंकली. कविता घडाघडा पुढे गेली.

शेवटी यमूची पाळी आली. पांढऱ्या मिशांचे म्हातारे गुरुजी म्हणाले, “आता तुला विचारतो... काय बरं विचारणार होतो?” त्यांनी कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं. प्रश्न काही आठवेना. मुलं फिदीफिदी हसली. गुरुजींचा चेहरा एवढासा झाला.

यमूच्या मुठीत एकच पाकळी उरली होती. ती फुंकली की आपलं काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सगळ्यांपुढे विसरल्यावर कसं होतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं डोळे मिटले आणि फुंकली.

“हां, आठवलं!” गुरुजी खुलले. “केवडीकाठची एकवीस गावं सांग, क्रमानं!”

घ्या! नेमका तोच प्रश्न!

यमूचं डोकं स्वच्छ धुतल्या पाटीसारखं कोरं झालं. पाकळी नाही, परी नाही. काय करावं न कळून तिनं हात मागे घेतले. बोटं सवयीनं हलू लागली. दोरा नव्हता, फुलं नव्हती, तरी बोटांनी पहिली गाठ मारली.

“जांभूळसोंडा,” यमू पुटपुटली. दुसरी गाठ. “करवंदवाडी.” तिसरी. “बोरखिंड...” आवाज चढत गेला. गाठीमागून गाठ, गावामागून गाव. एकविसावी गाठ मारून ती खणखणीत म्हणाली, “मीठबंदर! तिथं केवडी समुद्राला मिळते!”

“शाब्बास, बाळ! कुणी पाठ करून घेतलं?”

“माझं मीच केलं, गुरुजी,” यमू मान ताठ करून म्हणाली. “गजरा मात्र आईनं शिकवला.”

मोठ्या शाळेत नाव लागलं! यमू धावतच घरी आली आणि दारातच थबकली. झोपडीचं उजाड अंगण मोगऱ्यानं गच्च भरलं होतं. त्यातल्या सगळ्यांत उंच झुडपावर परी झोके घेत बसली होती.

“हा मळा आता तुमचा,” परी म्हणाली. “माझ्या पाकळ्या दुसऱ्यांना दिल्यास, आणि उत्तर स्वतःचं दिलंस!”

आईनं स्वतःच्या अंगणातली फुलं पहिल्यांदाच ओच्यात घेतली आणि गजरा करायला बसली. पहिली गाठ मारताना ती हळूच म्हणाली, “जांभूळसोंडा.” मग, “करवंदवाडी.” यमू बघतच राहिली. आईनं आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती. पण ती कुठेही न अडखळता थेट मीठबंदरापर्यंत पोचली.

“रोज ऐकत होते ना गं तुझं,” आई लाजून म्हणाली आणि तो गजरा तिनं यमूच्या केसांत माळला.

“आई, तू पास!” यमू ओरडली.

परी खुदकन हसली. सगळं अंगण लख्ख उजळलं, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. यमूचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईचा अभिमानानं फुललेला चेहरा बघत होती.